मार्कच्या घरातल्या पळपुट्या

६ जानेवारी

गेल्या वर्षीच्या दैनंदिनीत निम्म्याहून जास्त पानं कोरी राहिली, म्हणून हे नवी आणू देत नाहीत. "आधी ती भर, मग बघू," म्हणाले. तेव्हा जुन्या तारखा खोडून लिहिते आहे. यंदाही लिहिण्यासारखं काही घडेल असं वाटलं नव्हतं, आणि आज घडलं.

शाळेतून निरोप आला म्हणून सकाळी गेले. प्राचार्य सिस्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण मला बसायला सांगून स्वतः उभ्या राहिल्या, एवढं बरं वाटलं. मार्चमध्ये शाळेचा शतकमहोत्सव आहे, त्याची स्मरणिका निघते आहे. म्हणाल्या, "बाई, आजारी खोलीतल्या जुन्या सिस्टरांच्या आठवणी तुम्ही लिहून घ्याल का? महोत्सव झाला की त्यांना आमच्या दूरच्या वृद्धाश्रमात पाठवायचं ठरलंय. सालवार लिहा, आणि शेवट जरा प्रेरणादायी करा."

जुन्या सिस्टर म्हणजे कोण, हे नाव ऐकलं तेव्हा कळलं. आमच्या सिस्टर! मी वसतिगृहात होते तेव्हा मार्कच्या घराच्या प्रमुख. पुढे मी याच शाळेत शिक्षिका होऊन आले, तोवर त्यांची बदली झालेली. माझी सगळी नोकरी त्यांच्यावाचून गेली, आणि आता निवृत्त होऊन घरी बसले तर त्या परत आल्या आहेत. डोळे जवळजवळ गेले आहेत म्हणे.

वसतिगृहाची चार घरं होती, येशूचं चरित्र म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या नावांची. मत्तय, मार्क, लूक, योहान. मत्तयवाल्या हिशेबात हुशार, लूकवाल्यांना औषधाच्या कपाटाची किल्ली, योहानवाल्या तर आकाशातच असायच्या. आम्ही मार्कवाल्या शेवटून पहिल्या. आमचा संत येशूच्या बारा शिष्यांत नव्हता, त्याचं पुस्तक सगळ्यांत छोटं, आणि प्रवासात घाबरून तो अर्ध्या वाटेतून घरी परतला होता. म्हणून बाकीच्या तीन घरांनी आमचं नाव ठेवलं होतं, पळपुट्या. आम्ही ते मिरवायचो. धावण्याच्या शर्यतीत आमच्याच मुली ओरडायच्या, "पळ गं पळपुटे!"

आमच्या चादरींच्या कोपऱ्यात मार्कचं चिन्ह म्हणून लाल दोऱ्याने सिंह काढलेला असायचा. मांजरासारखा दिसायचा. सिस्टर स्वतः काढायच्या, त्यामुळे कोणी बोलायचं नाही.

९ जानेवारी

भेटले. केवढ्याशा झाल्या आहेत! पूर्वी जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज आला की आमच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या.

"कोण?"

"मी इथं शिकवत होते, सिस्टर. आणि त्याआधी तुमच्या मार्कच्या घरात होते."

"सगळ्या तसंच म्हणतात. परवा एक मत्तयवालीसुद्धा म्हणाली." मग हाताने पलंगाची कड चाचपत, "बाई, त्या कोपऱ्यात चादर आत खोचली आहे का बघ. ही आया चादर घालत नाही, नुसती टाकते."

"कानात बोलताय तरी ऐकू येतं मला," आया दारातून म्हणाली.

"मी कानात नाही बोलले. मोठ्याने बोलले."

मी चादर काढून पुन्हा घातली, त्यांनी शिकवली तशी, कोपऱ्याला पाकिटासारखी घडी घालून. त्यांनी हात फिरवून पाहिला. "हं," एवढंच म्हणाल्या. हे "हं" मिळवायला आम्ही आठवडाभर धडपडायचो.

मी सुरुवात करावी म्हणून म्हटलं, "सिस्टर, आपलं नाटक आठवतं?" तर तोंड भिंतीकडे वळवलं. "नाटकाचं नको." थकल्या असाव्यात. मी निघाले.

पण मला ते नाटक किती आठवतं! बागेत येशूला पकडतात तो प्रसंग होता. त्या गडबडीत एक तरुण नुसती चादर गुंडाळून मागे येतो, शिपाई त्याला धरतात, आणि तो चादर त्यांच्या हातात टाकून पळून जातो. तो कोण, कुठला, काही सांगितलेलं नाही. फक्त मार्कच त्याच्याबद्दल लिहितो. काही लोकांना वाटतं की तो स्वतः मार्कच असावा, असं सिस्टरांनीच आम्हाला वर्गात सांगितलं होतं. तर ते काम मला मिळालं, कारण मला पळता यायचं. चादरीखाली व्यायामाचे कपडे. पण विंगेत एक खिळा होता. शिपाई यायच्या आधीच चादर त्यात अडकली, मी दचकले, आणि येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण चालू असताना व्यायामाच्या कपड्यांत रंगमंच ओलांडून सुसाट पळाले. सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. पहिल्या रांगेत बिशप बसले होते, ते डोळे पुसत होते. आणि पलीकडच्या विंगेत सिस्टर! डोक्यावरच्या वस्त्राचं टोक तोंडाशी धरून उभ्या होत्या, खांदे हसण्याने गदगदत होते. माझ्या शाळेतली सगळ्यांत आनंदाची आठवण हीच.

१७ जानेवारी

एक दिवसाआड जाते आहे. सिस्टर मनात येईल ते सांगतात. परवा चॅपलमध्ये शिरलेलं वासरू, आज एकदम त्यांच्या लहानपणीची विहीर. वर्ष विचारलं की चिडतात. "वर्ष कशाला हवं? वासराला माहीत होतं का वर्ष?"

आणि बहुतेक गोष्टी स्वतःच्याच विरुद्ध. प्रार्थनेत झोप लागून बाकावरून कशा पडल्या. एका मुलीचं प्रगतिपुस्तक दुसरीच्या घरी धाडलं, तिथं त्या ढ मुलीचं कौतुक झालं, आणि त्यांनी ती चूक दुरुस्तच केली नाही. घरी येऊन मी हे सगळं नीट क्रमाने लावते आहे. काही ठिकाणी जरा सौम्य केलं. शेवटी स्मरणिका आहे, पालक वाचणार.

२२ जानेवारी

आज पहिला मजकूर वाचून दाखवला. आवाज मुद्दाम वर्गातला लावला होता. सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ही बाई कोण?"

"तुम्हीच सिस्टर."

"एवढी चांगली? हिच्याबरोबर मी एक दिवससुद्धा राहिले नसते."

आया हसली. मला वाईट वाटलं, आणि ते कागदांची घडी करण्याच्या आवाजावरून त्यांना कळलं. हात पुढे केला. म्हणाल्या, "मार्कने काय केलं, सांगितलं होतं ना मी वर्गात? जुन्या लोकांचं म्हणणं असं, की पेत्र म्हातारा झाला होता, आणि मार्क त्याच्याजवळ बसून ऐकायचा. म्हातारा आठवेल तसं सांगायचा, पुढचं मागे, मागचं पुढे. आणि काय सांगायचा? मी पाण्यात बुडलो. मी झोपलो. मी शेकोटीपाशी बसून, येशूबद्दल, त्या माणसाला ओळखत नाही म्हणालो. मार्कने त्याला धुऊन इस्त्री करून ठेवला असता, तर कोण विश्वास ठेवणार होतं? तो लेखक नव्हता गं. ऐकणारा होता."

"पण क्रम, सिस्टर?"

"तुझ्या प्राचार्यांना म्हणावं, क्रम देवाला विचारा."

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय, पास का नापास?" मी म्हटलं, "पुन्हा परीक्षेला बसायचंय." इस्त्री केलेली पानं काढून टाकली. सगळं पुन्हा लिहिते आहे, त्यांच्याच शब्दांत.

२८ जानेवारी

यांनाही काम मिळालं. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले, आता घरात बसून माझ्या फोडणीची मापं काढत असतात. प्राचार्य सिस्टरांना स्मरणिकेत जुन्या शाळेचा नकाशा हवा आहे. जुनी इमारत पाडून कितीतरी वर्षं झाली, तेव्हा मी डोळे मिटून सांगायचं आणि यांनी काढायचं.

आज सगळी दुपार मी त्या घरात फिरून आले. मधे चॅपल, त्याला लागून सभागृह. डावीकडे चार घरं. आमच्या घराच्या टोकाला कपड्यांची खोली, तिथला साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास. मागे स्वयंपाकघर.

"फाटक?" यांनी विचारलं.

"पुढे. मोठं, लोखंडी."

"एकच?"

"मागे एक होतं, कोळसा आणि भाजी यायची तिथून. मी शाळा सोडली ती त्याच फाटकाने."

आईचं दुखणं अचानक वाढलं आणि मामा मला न्यायला आला होता. त्याचा टेम्पो पुढच्या वळणावर वळेना, म्हणून मागे लावला. माझी ट्रंक चढेपर्यंत मी सिस्टरांना शोधत फिरले. चॅपलमध्ये नव्हत्या, कपड्यांच्या खोलीत नव्हत्या. मामा घाई करत होता. त्यांच्यामागे केवढी कामं असायची, मी एक मुलगी निघाले तर त्यांनी हातातलं टाकून कशाला यावं? पण मनात होतं, एकदा "हं" म्हणाल्या असत्या तर.

हे म्हणाले, "रडतेस काय, चॅपल किती फूट ते सांग."

३ फेब्रुवारी

सिस्टरांनी आज विचारलं, "शेवट कसा करणार आहेस?"

मी म्हटलं, "प्राचार्य सिस्टरांना प्रेरणादायी हवाय."

हसल्या. मला एकदम नववीचा वर्ग आठवला. सिस्टरांनी सांगितलं होतं की मार्कच्या पुस्तकाच्या सगळ्यांत जुन्या प्रतींत शेवट असा नाहीच. बायका येशूच्या कबरीपाशी जातात, कबर रिकामी, त्या घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुढचा मजकूर नंतर कोणीतरी जोडलेला आहे. "तो तिथंच का थांबला असेल?" त्यांनी विचारलं. कोणी म्हणालं शाई संपली. कोणी म्हणालं घंटा झाली. माझी मैत्रीण चिमणी म्हणाली, "सिस्टर, पळपुट्याचं पुस्तक पळापळीतच संपणार." वर्ग हसला. आणि मग सिस्टर म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे शिकवायला लागले तेव्हा कितीदा वाटलं की आपणही म्हणावं. फार थोड्या वेळा जमलं.

९ फेब्रुवारी

आज सिस्टर वेगळ्याच होत्या. मी बसल्या बसल्या म्हणाल्या, "हे लिही. हे राहिलं तर बाकीचं खोटं."

आमच्याच घरातल्या एका मुलीमुळे त्यांना बिशपांसमोर मान खाली घालावी लागली होती. नंतर रागाच्या भरात त्यांनी सगळ्या मुलींसमोर तिला पळपुटी म्हटलं. "तुमच्या थट्टेतलं नव्हे. मनापासून म्हटलं. लागावं म्हणून म्हटलं. आणि आठवड्याभरात ती शाळा सोडून गेली. मला न भेटता. परत आलीच नाही."

"काय नाव तिचं?"

"नाव नाही सांगणार. ती कुठं असेल, मुलाबाळांची असेल. तिने वाचलं तर तिला कशाला पुन्हा लाज? फक्त मी काय केलं ते लिही." मग माझा हात चाचपून, "माझ्यामुळे गेली का गं ती? एवढं कळलं असतं ना, तर मला दूर कुठंही पाठवा म्हटलं असतं."

मी हात धरून बसले. ती चिमणी असणार, माझी खात्री आहे. मी शाळा सोडल्यावर बिशप पुन्हा आले तेव्हा ती गाणं विसरली, असं कानावर आलं होतं. बिचारी चिमणी. बोलली नाही कधी. तिला शोधायला हवं, सिस्टर जायच्या आत.

११ फेब्रुवारी

पुढचं सांगितलं.

"ती जाणार हे मला सकाळीच कळलं होतं. मी कपड्यांच्या खोलीत गेले. तिची चादर फाटली होती, ती रात्रीच शिवून ठेवली होती. म्हटलं, चादर द्यायच्या निमित्ताने बोलता येईल. मला 'माझं चुकलं' असं नुसतं म्हणता येत नसे, हातात काहीतरी लागायचं. फाटकाशी जाऊन उभी राहिले. ऊन चढलं. चादर अशी दोन्ही हातांत. आणि मग..."

तेवढ्यात आया अंघोळीचं पाणी घेऊन आली. "पुरे आता, पाणी निवतंय."

"उद्या," सिस्टर म्हणाल्या.

"त्या चादरीचं काय झालं?" मी उठता उठता विचारलं.

"काय होणार? वापरली की. विरली, मग फडकी केली. छान पुसायची."

१३ फेब्रुवारी

काल गेले नाही, पाहुणे होते. आज गेले तर खोलीत डॉक्टर. पहाटे झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात.

आयाने चादर नीट घातली होती. चारही कोपरे आत खोचून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही घालता तशी घातली."

१८ फेब्रुवारी

खूप खटपटी करून चिमणीचा नंबर मिळवला. तिला ओळख द्यायच्या आतच ओरडली, "पळपुटे! जिवंत आहेस?" किती वर्षांनी! निम्मा वेळ दोघी हसत होतो. मग मी हळूच विचारलं, सिस्टर तिला कधी लागेल असं बोलल्या होत्या का.

"मला? छे गं. गाणं विसरले तेव्हा मला दूध दिलं होतं त्यांनी. आणि मी कुठं मध्येच शाळा सोडली? मला तर निरोपाचा कार्यक्रम झाला, तूच नव्हतीस."

"मग कोण असेल?"

"मला काय ठाऊक. त्या वर्षी रागावलेल्या असायच्या खऱ्या. तू गेल्यावर कितीतरी दिवस कोणाशी बोलत नव्हत्या."

म्हणजे आणखी कोणी असेल. सगळ्या मुली डोळ्यांपुढे आणते आहे. एकही बसत नाही.

२० फेब्रुवारी

आज कळलं. नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

यांचा नकाशा पुरा झाला. टेबलावर पसरला होता. मी सिस्टरांची शेवटची पानं यांना वाचून दाखवत होते, कुठं काही अडखळतं का बघायला. फाटकाशी उभी राहिले, इथपर्यंत आले. यांनी पेन्सिल उचलून मोठ्या फाटकाशी बारीक टिंब काढलं. मग नकाशाकडेच बघत राहिले.

"तू कुठल्या फाटकाने गेलीस म्हणालीस?"

"मागच्या. का?"

यांनी स्वयंपाकघरामागे दुसरं टिंब काढलं. दोहोंच्या मधे चॅपल आणि सभागृह. "इथून तिथलं दिसत नाही," म्हणाले. आत जाऊन पाणी आणून दिलं.

खिळ्याला चादर माझीच फाटली होती. बिशपांसमोर मीच पळाले होते. एवढं सरळ, आणि मी चिमणीला शोधत होते! कारण मला तर त्या हसताना आठवत होत्या. पळपुटी म्हणाल्या असतील. म्हणाल्याच असतील. पण ते आमचं नावच होतं. मला ते लागलंच नाही. मी ते मिरवत टेम्पोत बसले, आणि त्या पलीकडे शिवलेली चादर घेऊन उन्हात उभ्या होत्या. त्या एका शब्दाचं ओझं त्यांनी जन्मभर वाहिलं, आणि मला तो शब्द आठवतसुद्धा नव्हता.

२१ फेब्रुवारी

सकाळीच गेले. आयाला म्हटलं, जरा बाहेर थांबतेस का. ती म्हणाली, "थांबते, पण ऐकू येतं मला." येऊ दे ऐकू, म्हटलं.

सिस्टरांच्या कानाशी वाकले.

"सिस्टर, ती मुलगी मागच्या फाटकाने गेली. मामाचा टेम्पो तिथं होता. तिची आई आजारी होती, म्हणून गेली. तुमच्यामुळे नाही. तिने तुम्हाला खूप शोधलं. चॅपलमध्ये, कपड्यांच्या खोलीत. आणि पळपुटीचं तिला काही वाटलं नाही. आम्ही सगळ्याच पळपुट्या होतो."

काही हललं नाही. मला वाटलं, उशीर झाला. मग म्हटलं, "ती मी आहे."

त्यांचा डावा हात निघाला. माझं मनगट चाचपलं, मग चेहरा. मग हात खाली गेला, चादरीची कड शोधली, मी इतक्या वर्षांत कोणाला इतकं हळू काही करताना पाहिलं नाही. कोपरा ओढून काढला, वर आणला आणि तोंडाशी धरला. खांदे गदगदू लागले.

त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येत नाही. हे अगदी तसंच होतं, त्या दिवशी विंगेत होतं तसंच. तेव्हाही मला सांगता आलं नसतं. मी आपलं ठरवून टाकलं होतं.

थोड्या वेळाने हात थांबला. मी चादर पुन्हा खोचली. घशातून एक आवाज आला. आया दारातून म्हणाली, "हं म्हणाल्या." मला तसं वाटलं नव्हतं. पण ती रोज जवळ असते.

२ मार्च

सिस्टर परवा गेल्या. झोपेतच. दूरच्या वृद्धाश्रमात जावं लागलं नाही.

प्राचार्य सिस्टरांनी पानं वाचली. त्यांचे डोळे लाल होते, पण म्हणाल्या, "बाई, हे अर्धवट आहे. 'आणि मग' वर कसं सोडायचं? शेवटी एक परिच्छेद घाला, त्या शांतपणे गेल्या, शाळा त्यांचा दिवा पुढे नेईल, असं काहीतरी. नाही तर पुढे काय झालं ते तरी घाला. तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत आहे. घरी येऊन लिहूनही पाहिलं. मागचं फाटक, टेम्पो, माझं नाव, सगळं. चांगलं उतरलं होतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं असतं कोणाच्याही. यांना दाखवलं. म्हणाले, "छान आहे. पण हे त्यांनी सांगितलेलं नाही, तू सांगतेस."

नाव नाही सांगणार, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि त्यांनी सांगितलं ते तिथपर्यंतच.

तो परिच्छेद काढला. प्राचार्य सिस्टरांना फोन केला आणि वर्गातला आवाज लावला. त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लोक विचारतील." मी म्हटलं, "विचारू देत."

९ मार्च

छापखान्याच्या मालकाचा फोन. "बाई, शेवटचं पान आलेलं नाही. हरवलं वाटतं."

"नाही हो. एवढंच आहे."

"अहो, त्या बाई फाटकात उभ्या आहेत, 'आणि मग', आणि खाली कोरं! माझी बायको मुद्रितं वाचते. सकाळपासून माझ्यामागे लागली आहे, ती मुलगी आली का नाही ते विचारा म्हणून."

"तुमच्या बाईंना काय वाटतं?"

"ती म्हणते, आली असणार. पाहिजे तेवढा उशीर होऊ दे, पण आली असणार."

मी खुर्ची ओढून बसले.

"बरं, मग खाली नाव कुणाचं टाकू? लिहिणाऱ्याचं नाव नाही इथं."

"तेही नको," म्हटलं. "कोपऱ्यात थोडी जागा सोडा. एक चित्र पाठवते."

"कसलं?"

"सिंहाचं. मांजरासारखा दिसेल. दुरुस्त करू नका."